मावशीची मुलाखत आणि माझं वाक्य

माझ्या मावशीला तिच्याच नोकरीसाठी मुलाखत द्यायची होती. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मैत्रिणींनी मला ते परत म्हणायला लावलं, आणि परत म्हटल्यावरही ते तितकंच खुळचट वाटलं. पण खरं होतं.

मावशी विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागात कंत्राटावर काम करते. तळमजल्यावर, झेरॉक्सचं मशीन आणि पाण्याचा कूलर यांच्यामध्ये तिचं टेबल आहे. वसतिगृहात खोलीतल्या मुलीशी पटत नाही, ओळखपत्र हरवलं, परीक्षेच्या आदल्या दिवशी हातपाय गार पडले, घरची आठवण येते पण घरी सांगता येत नाही, असं काहीही झालं की पोरं तिच्याकडे येतात. आणि शेवटच्या वर्षाची पोरं येतात ती मुलाखतीची तयारी करून घ्यायला. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात कंगवा, सेफ्टी पिना, बूट पुसायचं फडकं आणि लाल रेघांचा एक टाय आहे. त्या टायमध्ये निम्म्या विद्यापीठाचे फोटो निघालेत.

दर वर्षअखेरीला तिचं कंत्राट वाढवलं जायचं आणि दर वर्षअखेरीला आमच्या घरात तेवढे दिवस कुणी मोठ्याने बोलायचं नाही. यंदा मात्र विद्यापीठाला एकदम शोध लागला की हे काम दरवर्षीच असतं. म्हणून त्यांनी कायमची जागा निर्माण केली, जाहिरात दिली आणि मावशीला मोठ्या मनाने कळवलं की तीसुद्धा अर्ज करू शकते.

"करू शकते!" आई म्हणाली. "बघा की उपकार!"

निवड झाली तर ती जागा कायमची तिची. नाही झाली तर टर्म संपली की टेबल सोडायचं. मग पुढे काय, याचं उत्तर काकांकडे तयार होतं. काकांचं नळ आणि बेसिनचं मोठं दुकान आहे. "दुकानात बसशील, गिऱ्हाइकांशी गोड बोलशील, तुझ्यासारखं माणूस मला कुठं मिळणार?" असं ते अगदी प्रेमाने म्हणाले. मावशी 'बघू' म्हणाली. त्यानंतर आमच्याकडे आली की बाथरूमचा नळ ती जरा वेगळ्याच नजरेने बघायची.

सुदैवाने अशा वेळी लागणारा माणूस घरातच होता, म्हणजे मी.

गेल्या वर्षापर्यंत मी हजेरीला 'उपस्थित' म्हटलं तरी बाईंना दोनदा मान वर करावी लागायची. यंदा मी शाळेच्या वादविवादात उभी राहिले, माझ्याच आवाजाने मीच दचकले, आणि मग थांबलेच नाही. ढाल मिळाली. तेव्हापासून मला कळलंय की जगात बोलण्याच्या सगळ्या अडचणींवर इलाज आहे आणि तो बहुतेक वेळा मलाच माहीत असतो.

"मावशी, तुझी तयारी मी करून घेणार," मी जाहीर केलं.

"अगं, मी पोरांची तयारी करून घेते."

"म्हणूनच. न्हावी स्वतःची हजामत करतो का?"

"करतो," बाबा पेपरातून म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

पहिली सराव मुलाखत जेवणाच्या टेबलावर झाली. अध्यक्ष म्हणून आजोबांना बसवलं. ते आणि मावशी आमच्या खालच्याच मजल्यावर राहतात. आजोबांनी आयुष्यभर लोकांची गाडी चालवायची परीक्षा घेतली आणि त्यातल्या बहुतेकांना नापास केलं, त्यामुळे चेहरा आयता होता. बाबा बाहेरून आलेले तज्ज्ञ. आई कुलसचिव, पण शेंगा सोलत.

"स्वतःबद्दल सांगा," आजोबा गरजले. गाडी बाजूला घ्या, अशाच थाटात.

"सांगते," मावशी म्हणाली. "अण्णा, तुम्हाला ती खुर्ची टोचत नाही ना? उशी देऊ?"

"मावशी!"

"बरं बरं. मी विभागात गेली कित्येक वर्षं..." ती थांबली. बाबांकडे बघून म्हणाली, "तज्ज्ञसाहेब, तुमचं लक्ष नाहीये. काही झालंय का?"

"छे. कुठे काय."

"काहीतरी झालंय."

आणि बघता बघता, शपथेवर सांगते, बाबा बोलायला लागले. त्यांच्या ऑफिसात नवा साहेब आलाय, तो मोबाईलमधून डोकं वर काढत नाही, बाबा काहीही सांगायला गेले की तो 'मेल करा' म्हणतो, आणि समोरच्या टेबलावरून मेल करताना बाबांना आपण अदृश्य झालोय असं वाटतं. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. मावशी काही सल्ला देत नव्हती. नुसती 'मग?' म्हणत होती. आजोबांनी उशी मागून घेतली होती.

मी टेबलावर चमचा आपटला. "मुलाखत कुणाची चाललीय?"

"अरे हो," बाबा म्हणाले. "पण बरं वाटलं हं."

त्या दिवशी रोग सापडला. माझी मावशी कुठल्याही खुर्चीत बसली तरी समोरचाच माणूस पेशंट होतो. मी लगेच पहिला नियम काढला: प्रश्न विचारायचे नाहीत. एकही नाही. उशीबद्दलसुद्धा नाही.

पुढे रोज संध्याकाळी शाळा आणि क्लास उरकून मी खाली जायची. मावशी इस्त्री करायची आणि मी तिला घडवायची. पाठ सरळ. हनुवटी वर. 'म्हणजे' आणि 'असं काही नाही' हे शब्द हद्दपार. उदाहरण सांगायचं तर चार पायऱ्यांत: परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम. हे मी इंटरनेटवर शोधून काढलं होतं. मावशी म्हणाली, ती हेच पोरांना शिकवते. मी म्हटलं, मग कर की.

इथे खरी गोम होती. तिच्या गोष्टींना परिणामच नसायचा.

"एक मुलगी होती," ती सांगायची. "रोज दुपारी यायची, पाणी प्यायची आणि जायची."

"मग?"

"मग काही नाही. दोन टर्म आली. नंतर पास झाली, गेली."

"अगं, पण तू काय केलंस?"

"मी ग्लास धुऊन ठेवायची."

"आणि परिणाम?"

मावशीने कॉलरवर इस्त्री फिरवत बराच विचार केला. "पाणी प्यायची," ती म्हणाली.

आता हे मुलाखतीत कसं सांगणार? मी ते दुरुस्त केलं. 'विद्यार्थ्यांसाठी अनौपचारिक संवादाचं सुरक्षित व्यासपीठ उभारलं आणि त्याचा सातत्यपूर्ण वापर होईल याची दक्षता घेतली.' मावशीने ऐकलं आणि विचारलं, "ती हीच मुलगी ना?"

कमतरता सांगा असं विचारतातच. त्यावर मी तयार उत्तर दिलं: 'मी कामात जरा जास्तच जीव ओतते.' ही कमतरता अशी आहे की ऐकणाऱ्याला आपलीच लाज वाटावी.

आणि मग मुकुटमणी, माझं वाक्य. ते मला क्लासच्या बसस्टॉपवर सुचलं आणि बस गेली तरी चालेल असं वाटलं. गेलीच. 'विद्यार्थी म्हणजे टेबलावरची फाईल नव्हे...' इथे थांबायचं, उजवा हात हळूच उघडायचा, '...तर दारात थांबलेली एक शक्यता आहे.'

आजोबा म्हणाले, "दारात का थांबलीय? आत घ्या तिला."

पण मावशीला वाक्य आवडलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून सुधारणा घेऊन आली. "तो हात आहे ना, तो खांद्यापासून उघडला तर ट्रॅफिक पोलीस वाटतो. कोपरापासून बरा दिसतो."

"आरशात बघितलंस?"

"करून बघितलं," ती म्हणाली. त्याच्या पुढच्या दिवशी म्हणाली, "'नव्हे'नंतर घाबरलेल्या माणसाला थांबता येत नाही, तो पुढे पळतो. तिथे 'एक श्वास घे' असं सांगून ठेवायचं."

किती बारकाईने घेते ही, म्हणून मी धन्य धन्य झाले. स्वतःला 'घाबरलेला माणूस' म्हणण्याइतकी ती प्रामाणिक आहे असंही मला वाटलं. एवढं बोलणाऱ्या मुलीच्या डोक्यात दोन आणि दोन एकत्र कसे आले नाहीत, असं आई नंतर म्हणाली. नाही आले.

मुलाखतीच्या दिवशी मला अभ्यासाची सुट्टी होती, म्हणून मी मावशीबरोबर गेले. "मी काही लहान आहे का?" ती म्हणत होती, पण बसमध्ये माझा हात तिने सोडला नाही. मुलाखती पहिल्या मजल्यावर होत्या. मावशी म्हणाली, "तू वर बाकावर बस, मी टेबलावर पाच मिनिटं डोकावून येते." तिने नवा राखाडी कोट घातला होता आणि ती इतकी नीटनेटकी दिसत होती की मला तिच्याशी बोलायला जरा अवघड वाटलं.

वरच्या व्हरांड्यात बाकावर पाच उमेदवार होते. सगळे मावशीपेक्षा बरेच लहान. नुकतीच पदवी घेऊन कुठे कुठे चिकटलेले. मी शत्रुपक्षाची पाहणी करावी तशी एकेकाकडे बघत बसले. एक मुलगी धापा टाकत होती, जागच्या जागीच. एकाने निळा कोट घातला होता, दुकानाची घडी अजून मोडली नव्हती. तो भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होता.

"...फाईल नव्हे." एक श्वास. उजवा हात उघडला. कोपरापासून. "...तर दारात थांबलेली एक शक्यता आहे."

मी पुन्हा नीट बघितलं. निळ्या कोटाच्या गळ्यात टाय होता. लाल रेघांचा.

तेवढ्यात धाप लागलेली मुलगी शेजारच्याला म्हणाली, "मी ना, कामात जरा जास्तच जीव ओतते. हे चालेल ना?"

शेजारचा दचकला. "हे तर मी म्हणणार आहे."

मी जिन्याकडे पळाले. मावशी वरच येत होती. तिला दंडाला धरून मी कोपऱ्यात नेलं.

"मावशी, ते माझं वाक्य म्हणतायत!"

"हळू," ती म्हणाली. "कोण कोण आलंय? ती दम लागणारी आली का? तिला पाणी दिलं पाहिजे."

"तू त्यांना शिकवलंस?"

"अगं, ते आले ना टेबलाशी."

"याच जागेसाठी?"

"पहिल्या दिवशी मला कुठे माहीत? तो निळ्या कोटाचा म्हणाला, एका संस्थेत मुलाखत आहे. दुसऱ्या दिवशी त्याने जाहिरात दाखवली. तोवर त्याचं 'स्वतःबद्दल सांगा' अर्ध्यावर आलं होतं. माणसाला अर्ध्यावर कसं सोडायचं?"

"आणि बाकीचे?"

"बाकीचे आपापले आले. आलेल्याला परत पाठवायचं नाही, विभागाचा नियमच आहे तसा. आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हाही आहे. म्हणून प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच."

"तू स्वतः उमेदवार आहेस, हे तरी सांगायचंस!"

मावशीने माझ्याकडे बघितलं, मीच काहीतरी अघोरी बोलले असावे तसं. "ते सांगितलं असतं तर बिचाऱ्यांवर किती दडपण आलं असतं!"

"यायलाच पाहिजे दडपण! ही स्पर्धा आहे!"

"ते खरंय," ती म्हणाली. "पण तुझ्या युक्त्या इतक्या छान होत्या, मला वाटलं एकटीने ठेवणं बरं नाही."

यावर माणसाने रागवायचं कसं, हे मला वादविवादात कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही व्हरांड्यात आलो तर पाचही जण टुणकन उभे राहिले. "मॅडम! तुम्ही आमच्यासाठी आलात?"

मावशीने एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आलेय ना. बसा बसा." आणि लागली कामाला. एकीची ओढणी नीट केली. एकाच्या मोज्यांवरून नजर फिरवून ती काहीच बोलली नाही, म्हणजे मोजे वाईट होते. धाप लागलेल्या मुलीला पाणी पाजलं आणि म्हणाली, "आत गेल्यावर आधी खुर्ची बघ, मग माणसं बघ. खुर्चीला घाबरत नाही ना कुणी?" ती मुलगी हसली आणि तिची धाप गेली. मी बाकावर बसून हे बघत होते आणि मनात काकांच्या दुकानातली बेसिनं मोजत होते.

क्रमांकाने बोलावणं सुरू झालं. दरवाजा जाड होता, शब्द कळत नव्हते, पण लय कळत होती. प्रत्येक वेळी आवाज वर चढायचा, मग शांतता व्हायची, अगदी माझ्या विरामाएवढी, आणि मग आवाज उतरायचा. पहिल्या वेळी आतून कुणीतरी 'वा' म्हणालं. तिसऱ्या वेळी खोकला आला. चौथ्या वेळी सगळे हसले, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

शिपाईकाका चहाचे रिकामे कप घेऊन बाहेर आले. मावशीला बघून थांबले. "काय हो मॅडम, आज सगळ्यांचं एकच चाललंय. फाईल आणि दार, फाईल आणि दार. अध्यक्ष मला म्हणतात, मग फाईली ठेवायच्या कुठे?"

निळा कोट आत गेला तेव्हा मी मावशीचा हात धरला. "तू ते वाक्य म्हणू नकोस. कमतरतेचं पण नको. व्यासपीठ तर अजिबात नको. काहीच नको."

"मग काय बोलू?"

"तुझं बोल!"

"माझं तू काढून टाकलंस ना," ती म्हणाली. रागाने नाही. कात्री कुठे ठेवलीस, असं विचारावं तसं.

मला खूप काही बोलायचं होतं आणि तोंडातून काहीच आलं नाही. हजेरीच्या वेळी व्हायचं अगदी तसंच. दार उघडलं, निळा कोट चमकत्या चेहऱ्याने बाहेर आला आणि शिपाईकाका म्हणाले, "शेवटचे उमेदवार?"

मावशी उठली.

निळा कोट म्हणाला, "मॅडम... तुम्ही?"

"हो रे. टाय वाकडा झालाय बघ," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर मी आणि पाच जण. कुणी जाईना. धाप लागलेली मुलगी रडकुंडीला आली होती. "आम्हाला माहीत असतं तर आम्ही आलोच नसतो," एक जण म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे, मुलाखतीला आलो असतो. पण त्यांच्याकडे नसतो आलो." निळ्या कोटाने टाय सोडवला, चार बोटांवर नीट गुंडाळला आणि खिशात ठेवला.

आतून लय ऐकू येत नव्हती. आधी काहीच नाही, मग खुर्च्या सरकल्या, मग पुष्कळ माणसं एकदम बोलतायत असं वाटलं.

मावशीने सगळं नंतर कँटीनमध्ये सांगितलं, चहात बिस्किट बुडवत. तिचं म्हणणं, अध्यक्षांनी आधीच हात जोडले: ते फाईलचं वाक्य सोडून काहीही बोला. ती म्हणाली, ते माझ्या भाचीचं आहे, तिला राग येईल.

"तू असं सांगितलंस?"

"मग काय? तुझं आहे ते. मग त्यांनी विचारलं, सगळ्यांची तयारी कुणी करून घेतली. म्हटलं, मी. तर म्हणाले, तुमची कमतरता सांगा."

"तू जीव ओततेस म्हणालीस?"

"नाही. म्हटलं, आलेल्याला नाही म्हणता येत नाही मला. समोर कोण बसलंय हे मी बघत नाही. आज सकाळपासून तुम्ही तेच ऐकताय."

मी कपाळावर हात मारला. मुलाखतीत खरी कमतरता सांगणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होते, आणि ते माझ्याच हाताखाली तयार झालं होतं.

"आणि मग तुझा नियम मोडला," ती म्हणाली. "ते सगळे इतके दमले होते गं. एकाच जागी बसून. मी विचारलं, पाच मिनिटं उठून पाय मोकळे करता का? तर उठले. खिडकी उघडली. तो विद्यार्थी प्रतिनिधी आहे ना समितीवर, तो वसतिगृहाबद्दल बोलायला लागला."

"तुझ्या मुलाखतीत?"

"राहवलं नाही त्याला. बरंच बोलला."

"परिणाम?" मी विचारलं.

मावशीचं बिस्किट चहात पडलं. ती चमच्याने ते शोधत राहिली.

निकाल यायला दिवस लागले. त्या दिवसांत काका दोनदा येऊन गेले आणि दुसऱ्यांदा येताना बेसिनांची रंगीत पुस्तिका घेऊन आले. मावशीने ती पाहिली, आणि मधल्या पानावर थांबून म्हणाली, "हे हिरवं बरंय." मला ते सहन झालं नाही, मी वर निघून गेले.

मग एका संध्याकाळी आई सोडून आम्ही सगळे खाली असताना निकाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लागला. मीच मोबाईलवर वाचला. निवड: मावशी. प्रतीक्षा यादीत पहिला: निळा कोट. खाली बारीक अक्षरात टीप होती. दोघांचे गुण समसमान असल्याने नियमानुसार वयाने ज्येष्ठ उमेदवारास प्राधान्य देण्यात आले आहे.

मी इतकी जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरून आमचीच आई धावत आली.

"म्हणजे," बाबा टीप पुन्हा वाचत म्हणाले, "मुलाखतीमुळे नाही मिळाली."

"मग कशामुळे?" आईने विचारलं.

"लवकर जन्मल्यामुळे."

"मग त्याचं श्रेय मला द्या," आजोबा म्हणाले.

मी हिशेब लावायचा प्रयत्न केला. मावशीने त्याला शिकवलं नसतं तर तो मागे पडला असता आणि ती सरळ जिंकली असती. मी मावशीला शिकवलं नसतं तर तिच्याकडे त्याला द्यायला काही नसतं. म्हणजे माझ्यामुळे ती हरता हरता वाचली, की माझ्यामुळे जिंकता जिंकता हरणार होती? मी सध्या पहिलं उत्तर धरून चालले आहे. मावशी यात पडली नाही. ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली होती आणि तिला हसू की रडू ते ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. तिने तो टेबलावरच ठेवून स्पीकर लावला.

"मॅडम, अभिनंदन," निळा कोट म्हणाला.

"अरे, तुझंही. सारखेच गुण पडले ना आपल्याला."

"तुमच्यामुळेच. मॅडम, एक विचारू? तुम्हीच शिकवलंत, हवं ते सरळ मागावं, लाजू नये."

हे मी शिकवलं होतं. मी बाबांकडे बघितलं.

"विचार ना."

"तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात, तुम्हाला दुसरीकडे बोलावणं आहे. घरच्यांच्याच दुकानात. तर तुम्ही इथे रुजू होणार नसाल, तर यादीत पुढे मी आहे. माझं आत्ताचं काम पुढच्या महिन्यात संपतंय. घरी आई एकटीच आहे. मी फक्त विचारतोय."

मागणं अगदी बिनचूक होतं. आवाज स्थिर, कारण स्पष्ट, शेवटी दबाव नाही. मी परीक्षक असते तर पैकीच्या पैकी दिले असते, आणि मला तो मोबाईल खिडकीतून फेकून द्यावासा वाटत होता. कारण मावशीचा चेहरा मला पाठ आहे. तिच्या भुवया वर गेल्या होत्या, समोरच्याची अडचण दिसली की जातात तशा. आता ती म्हणेल, तुझी गरज मोठी आहे रे. आता म्हणेल. आईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आजोबांनी त्यांची ती प्रसिद्ध नापास करणारी नजर मोबाईलवर लावली होती.

"छान विचारलंस," मावशी म्हणाली.

मी डोळे मिटले.

"पण नाही," ती म्हणाली. "मी रुजू होणार आहे. मला ही जागा हवी आहे. खूप हवी आहे."

तिच्या तोंडून 'मला हवी आहे' मी कधी ऐकलंच नव्हतं. साधी शेवटची पोळी घेतानासुद्धा ती 'कुणाला नको असेल तर' म्हणते. बोलून झाल्यावर तिलाच धाप लागली होती.

मग निळा कोट म्हणाला, "बरं, मॅडम." खरंच बरं म्हणाला, चिडून नाही. "मग उद्या येऊ का? दुसऱ्या एका ठिकाणी जाहिरात आलीय."

"ये की," मावशी म्हणाली. तिने नाक पुसलं, खुर्चीत जरा सरसावून बसली आणि म्हणाली, "पण येताना जाहिरात घेऊन ये. मी अर्ज केलेला नाही ना, ते आधी बघते."